छडीने उचललेलं झाकण

सरांनी आमच्या पातेल्यावरचं झाकण छडीच्या टोकाने उचललं. हात लावला नाही. बूटही काढले नाहीत. झाकण घरंगळत उंबऱ्याशी गेलं. सर वाकले, आत पाहिलं आणि हसले.

"पुरणपोळी! वा. होळी होऊन गेली तरी चैन चालूच. आणि म्हणे आम्ही गरीब."

मागे उभे असलेले त्यांचे विद्यार्थीही हसले. मी दहा-अकरा वर्षांची असेन. आईच्या पदराआड उभी होते. तोंड उघडणार तोच आईने माझा दंड असा आवळला की वळ उठले.

कारण ती पोळी सरांच्याच घरची होती.

आई जयपूरच्या बनीपार्कातल्या त्यांच्या बंगल्यावर मागचं अंगण झाडायची, मोरी आणि गटार साफ करायची. मागच्या फाटकाने आत, मागच्या फाटकाने बाहेर. सरांच्या बाई मागच्या पायरीवर उभ्या राहून उरलंसुरलं वरून तिच्या पदरात टाकायच्या. होळीच्या पोळ्या उरल्या, आंबल्या, तेव्हा आमच्या वाट्याला आल्या. सरांनी आईचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. मागच्या दाराला ते येत नसत. मी मात्र त्यांना खिडकीतून कितीदा पाहिलं होतं, वेताच्या खुर्चीत बसून वाचताना.

आमची वस्ती झोटवाड्याच्या रेल्वे फाटकापलीकडे. बाप पलटणीतून सुटला तो इथेच मालधक्क्यावर हमालीला लागला. वस्तीत आमचं एकच घर मराठी, बाकी सगळे इथलेच, चामड्याचं नाहीतर झाडूचं काम करणारे. सगळ्यांनी अंगठे उठवून स्वस्त धान्याच्या दुकानासाठी अर्ज केला होता. आता आम्ही खरोखर गरीब आहोत की नाही, हे कुणीतरी शिकलेल्याने ठरवायला हवं. म्हणून समिती बसली, आणि समितीने पाहणीचं काम कॉलेजात शिकवणाऱ्या या सरांना दिलं.

त्या दिवशी दारात आल्या आल्या त्यांनी आईचं मराठी ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला होता. "अरे, तुम्ही आपल्याकडच्या? जयपुरात मराठी कानावर पडलं की किती बरं वाटतं. गाव कुठलं तुमचं?" आईने नगरकडचं गाव सांगितलं. मग त्यांनी आडनाव विचारलं. आईने तेही सांगितलं. सर पाऊलभर मागे सरले. त्यानंतर आई एकदम 'तू' झाली. तुझा नवरा काय करतो, तू काय शिजवतेस, दाखव. आपल्याकडची म्हणजे कुणाकडची, ते मला तेव्हाच कळलं.

ते गेल्यावर मी आईवर ओरडले. बोलली का नाहीस म्हणून. ती झाकण धूत होती.

"बोलले असते तर उद्या काम गेलं असतं," ती म्हणाली. "आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून. ही त्यांची रीतच हाय."

दुकान आलं नाही. सरांच्या अहवालात आमची वस्ती उधळी ठरली. दुकानाऐवजी काटकसरीवर भाषण द्यायला एक गृहस्थ आले आणि वस्तीनेच त्यांना खाट बसायला दिली. तो उन्हाळा आम्ही बाजरीच्या पिठाच्या पातळ पेजेवर, इथल्या राबडीवर काढला. मी वाटी चाटूनपुसून खाल्ली तरी पोटात आग राहायची. ती आग भुकेची होती तशी रागाचीही होती, आणि राग जास्त टिकला.

पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर मी कॉलेजात गेले. सर तिथेच शिकवत. विषय, गरिबी आणि तिची कारणं. केस पांढरे झाले होते, छडी तीच होती. वर्गात एक दिवस त्यांनी हिंदीत किस्सा सुरू केला. झोटवाड्याच्या वस्तीत मी स्वतः झाकण उचलून पाहिलं, तुपाने माखलेल्या पोळ्या. तेव्हा मुलांनो, गरिबीचं मूळ पगारात नसतं, सवयीत असतं. सगळा वर्ग हसला. माझ्या शेजारची मुलगीही हसली.

माझी आई, तिचं पातेलं, आमची भूक. ते त्यांनी वर्षानुवर्षं वर्गावर्गातून वाढलं होतं, आणि लोक मिटक्या मारत होते. मी उठले.

"सर, ती पोळी तुमच्या घरची होती. शिळी. माझ्या आईला तुमच्या मागच्या दाराला मिळालेली."

आधी मराठीत म्हणाले. मग हिंदीत, सगळ्या वर्गाला कळावं म्हणून. सरांनी चष्मा पुसला. आवाज अजिबात चढवला नाही.

"संशोधनात रागाला जागा नसते. आधार असेल तर आण. नसेल तर बस."

मी बसले नाही. दप्तर उचललं आणि सरळ वस्तीत आले.

आधार तर आणणारच होते. संध्याकाळी मी बंगल्यांवर जाणाऱ्या बायांना आमच्या दारात बोलावलं आणि विचारलं, तुम्हाला काय देतात? किती शिळं? कुठल्या दाराला? पहिल्यांदा एकही बाई बोलेना. ज्या सकाळी एकत्र कामाला निघायच्या, त्या येताना पदराखालचं एकमेकींपासून लपवायच्या. प्रत्येकीला वाटत होतं, उष्टं आणणारी आपण एकटीच. शेवटी आईच बोलली. सरांच्या घरची पोळी, ती छडी, ते हसणं, सगळं तिने आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं. मग शेजारच्या गुलाबबाईने सांगितलं. मग एकेकीचं तोंड उघडलं. बुरशी आलेले लाडू. मांजराने तोंड घातलेली खीर. आजाऱ्याच्या ताटातलं. ऐकता ऐकता लाज कुठे गेली कळलं नाही. तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं.

गुलाबबाई उठून उभी राहिली. "अब म्हे जूंठो कोनी ल्यां," ती म्हणाली. आता उष्टं घ्यायचं नाही. पण मी म्हटलं, यंदाच्या होळीचं एकदाच घ्या. घ्या आणि झाकून ठेवा.

होळी झाली. पोळ्या, करंज्यांसारख्या गुजिया, पुऱ्या, जे जे उरलं ते चार दिवसांनी मागच्या दारांनी आलं. वस्तीतल्या बाया पातेली डोक्यावर घेऊन निघाल्या. मी पुढे. बनीपार्कात लोक गच्चीवर येऊन बघू लागले. ज्या फाटकातून आई कधी आत गेली नव्हती, त्या पुढच्या फाटकातून आम्ही शिरलो आणि सरांच्या व्हरांड्यात पातेली मांडली.

सरांच्या बाई धावत आल्या. "अगं, मागच्या दाराने या ना, हे काय?"

"आज फुडच्याच दारानं," आई म्हणाली.

सर बाहेर आले. मी म्हटलं, आधार आणलाय, उघडून बघा. सवयीने सरांनी छडी पुढे केली आणि टोक आईच्या पातेल्याकडे नेलं. आईने छडी मधेच धरली. ओढली. इतक्या वर्षांत त्या बंगल्यात पहिल्यांदा ते दोघं समोरासमोर उभे होते, आणि एकाच काठीला दोघांचा हात होता.

"काठी सोडा," ती म्हणाली. "हातानं उघडा."

ते उघडेनात. आम्ही हलेनात. शेजारचे बंगलेवाले कुंपणापाशी जमले. शेवटी सर वाकले आणि त्यांनी झाकण हाताने उचललं. आंबूस भपका आला. त्यांनी तोंड फिरवलं. मला त्यांची कीव आली नाही. इतका आनंद झाला की पाय जमिनीवर ठरेनात. तो आनंद मी अजून जपून ठेवला आहे.

छडी आईने घरी आणली, मोडली आणि तिच्यावर भाकरी भाजली. त्या भाकरीची चव मला कुठल्याच सणाला आली नाही.

त्यानंतर आईचं काम गेलं. गुलाबबाईचं गेलं, बऱ्याच जणींचं गेलं. काही दिवस बंगलेवाल्यांनी आपली अंगणं आपणच झाडली, आणि गटारं तुंबली तेव्हा बोलावणी आली. बाया गेल्या, पण रोख मजुरीवर आणि पुढच्या फाटकाने. आई गेली नाही.

नंतर सरांचा निरोप आला. नवी पाहणी करतोय, तू हुशार आहेस, मदतीला ये. मी उलट निरोप धाडला की येते, पण पाहणी तुमच्या स्वयंपाकघरापासून सुरू करायची. उत्तर आलं नाही.

म्हणून ती पाहणी मीच करते. वस्तीतल्या बाया बरोबर असतात. आम्ही कुणा गरिबाच्या घरात शिरत नाही, त्यांचं पुष्कळ मोजून झालं. बंगल्याची पुढची घंटा वाजवतो आणि विचारतो, तुमच्याकडे किती उरतं, कुणामुळे उरतं, आणि जिच्या जिवावर उरतं तिला तुम्ही काय देता. बहुतेक दारं तोंडावर बंद होतात. होऊ देत. मी पायरीवर बसते. झाकण उघडल्याशिवाय मी उठणार नाही.