बसस्टॉपवरची काउंटर ऑफर

लॉच्या पहिल्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. कोथरूडच्या बसस्टॉपवर मी करारांच्या कायद्याचं पुस्तक चाळत उभा होतो. शेजारच्या अनोळखी मुलाच्या हातातही तेच पुस्तक होतं. उंच, किडकिडीत, बोलताना सारखा चष्मा वर सरकवणारा. त्याच्यासमोर गळ्यात आयटी कंपनीचं कार्ड अडकवलेली एक मुलगी होती.

"तुला लग्नाचं विचारून आठवडा झाला," तो तिला म्हणाला. "तू गप्पच. आणि कायद्याने मौन म्हणजे होकार नव्हे. मी अडकलोय गं!"

मला हसू आवरेना.

ती शांतपणे म्हणाली, "आधी पास हो. मग करू लग्न."

त्याचा चष्मा थेट कपाळावर गेला. "अगं, ही तर काउंटर ऑफर! म्हणजे माझी ऑफर संपली. आता विचारलंयस तू, आणि हो म्हणायचंय मी!"

"मग म्हण की," असं म्हणत ती आलेल्या बसमध्ये चढली.

तो बसमागे धावला. "स्वीकारली! बिनशर्त स्वीकारली!" खिडकीतून ती हसत हात हलवत होती.

तो धापा टाकत परतला, तशा भाजीची पिशवी घेतलेल्या एक काकू म्हणाल्या, "अहो वकीलसाहेब, अट पास व्हायची आहे. ऐकलंत ना?"

त्याचा चेहरा उतरला. फूटपाथवरच बसून त्यानं पुस्तक उघडलं आणि मला विचारलं, "पुढची प्रकरणं समजावशील का रे? माझं अजून ऑफरच्या पुढे काही गेलेलंच नाही."