दैत्याचं मुंडकं परत शिवताना

मी माणसं मारते. दुपारची भांडी झाली की मागच्या पडवीत बसून, मोबाईलवर. कथांच्या एका ॲपवर माझी कादंबरी भागाभागाने येते. तिची नायिका पालीच्या अलीकडच्या एका वाडीतली, आमच्यासारखीच. पाणी शेंदताना विहिरीत पडली आणि वर आली ती दुसऱ्याच जगात. तिथे आभाळात तीन चंद्र आणि खाली नुसते राक्षस. कमरेला खोचलेली कोयती तेवढी बरोबर आली, बाकी सगळं तिने मनगटावर मिळवलं.

कोणालाही कापण्याआधी ती गाऱ्हाणं घालते. आमच्या देवळात एक जण देवाला मोठ्याने सगळं सांगतो आणि बाकीचे त्याला 'होय महाराजा' म्हणतात. म्हटलं की ते पक्कं झालं, मागे फिरता येत नाही. नायिका म्हणते, 'बा देवा महाराजा, ह्याने लेकरं भाजून खाल्ली, ह्याची आतडी आज कुंपणावर वाळू देत.' लगेच खाली वाचकांचे 'होय महाराजा' येऊ लागतात, पार दुबईपासून. मग कोयती फिरते. लिहिताना मला जे सुख होतं ते सांगून पटायचं नाही.

शिमग्यानंतर मी एक नवा दैत्य आणला. हा राज्यांच्या सीमा खायचा. अंधारात उठून सीमेवरचे दगड हळूच पुढे सरकवायचा. बोलण्याआधी दोनदा खाकरायचा, तपकीर ओढायचा आणि डाव्या कानातून केसांचा झुबका बाहेर काढून हिंडायचा. हे माझे चुलत दीर. त्यांची आणि आमची आंब्याची बाग शेजारी शेजारी. मधला चिऱ्यांचा गडगा दर पावसाळ्यानंतर आमच्या बाजूला थोडा चालून येतो. दोन हापूस तर गडगा ओलांडून त्यांच्याकडे नांदायलाच गेले. आमचे हे बोटीवर नोकरीला, ते समुद्रातून काय भांडणार?

म्हणून मी भांडले. अख्खा भाग खर्च करून मारलं त्यांना. आधी उजवा पाय गुडघ्याखाली तोडला, फांदी तोडतात तसा. रांगायला लागल्यावर दोन्ही हात. मग मुंडकं उडवून कोल्ह्यांपुढे टाकलं आणि कोल्ह्यांनी आधी कान खाल्ला. वाडीतल्या सगळ्या बायकांनी वाचलं. दैत्य कोण, असं एकीनेही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात भावजी आंबे काढताना फांदीसकट कातळावर आले. आवाज ऐकून मी धावत गेले. उजव्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, खालचा वाळल्या पानांचा पातेरा रक्ताने चिकट झाला होता. मला बघताच त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात पोटाखाली लपवले. तेव्हा मला कळलं की भावजीही वाचतात.

रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ताबडतोब ऑपरेशन सांगितलं. भावजींनी साफ नकार दिला. पाय झाला, आता सुरीखाली गेलो की हात आणि मुंडकं, असा त्यांचा सरळ विचार. एवढ्या माणसांनी 'होय महाराजा' म्हटलेलं गाऱ्हाणं, ते अर्ध्यावर थांबणार कसं? दुसऱ्या दिवशी पायाची बोटं काळी पडू लागली. संध्याकाळपर्यंत ऑपरेशन झालं नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, माझ्या धाकट्या जावेला बजावलं. ती रिक्षा करून आमच्या दारात आली. आत काही आली नाही.

"ताई, तुम्ही तोडलात, तुम्हीच जोडा," ती म्हणाली. "आत्ता. चला."

वॉर्डात त्यांच्या खाटेजवळ स्टुलावर बसून मी दैत्य जोडायला घेतला. नायिकेने कोल्ह्यांची पोटं फाडून दैत्याचे तुकडे काढले, चुलीवर काथ्या उकळला आणि दाभणाने पाय शिवायला बसली. भावजी तापाने फणफणलेले, पण मान वळवून माझ्या मोबाईलमध्ये बघत होते.

"वहिनी, मुंडकं आधी घ्या," ते म्हणाले.

मुंडकं आधी घेतलं. भाग टाकला. पाच मिनिटांत वाचक तुटून पडले. लेखिका फितूर झाली, म्हणे. ह्याला उकळत्या तेलात घाला, म्हणे. एकाचाही 'होय महाराजा' आला नाही. भावजी एकेक ओळ वाचत होते आणि घाम उशीत झिरपत होता.

मग मी उठले, पदर खोचला आणि वॉर्डाच्या मधोमध हात जोडून तोंडीच गाऱ्हाणं घातलं. बा देवा महाराजा, रागाच्या भरात जे तोडलं ते जोडून घे. ह्या लेकराच्या अंगाला पुढे धक्का लागू देऊ नको. सगळ्या खाटांवरून 'होय महाराजा' आलं, अगदी पोट शिवलेल्या म्हाताऱ्यांकडूनही. मी म्हटलं, आणि सरकवलेले चिरे हा मूळ जागी नेईल, ह्याला बुद्धी दे.

जाऊ सगळ्यांत मोठ्याने 'होय महाराजा' म्हणाली. वॉर्ड तिच्यामागून. भावजी दोनदा खाकरले.

"अर्ध्यावरच्या फणसापर्यंत नेतो गडगा, वहिनी."

"मूळ जागी."

"फणसापुढे उतार आहे, गडगा टिकायचा नाही."

"मान अजून कच्ची शिवलीय, भावजी. एक टाका ओढला तर येईल हातात."

जाऊ त्यांच्या काळ्या पडलेल्या बोटांकडे बघत होती. तिने नवऱ्याचं मनगट असं धरलं की नखं रुतली. ते कळवळले की कबूल झाले ते मला ठाऊक नाही, पण 'होय महाराजा' स्पष्ट ऐकू आलं. स्ट्रेचर दारातच उभं होतं.

पाय वाचला. दोन बोटं गेली.

पावसाआधी गडगा उकलला. भावजी कुबडी टेकून खुर्चीत बसले होते, गडी चिरे फणसाच्या पलीकडे नेत होते आणि दर चिऱ्यामागे भावजींच्या तोंडून दात उपटल्यासारखा आवाज येत होता. दोन्ही हापूस आमच्यात आल्यावर त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. मुंबईला त्यांचे थोरले भाऊ आहेत, घराचा वाटा दाबून बसलेले. त्यांना टक्कल आहे, चालताना डावा खांदा पडतो, एवढी खूण पुरेल का, असं त्यांनी हळूच विचारलं. वर म्हणाले, कोयती नको, जरा बोथट काहीतरी बघा.