कारणाची चौकट

कुंभकोणमच्या त्या रुग्णालयातले एक फार्मासिस्ट संगणकावरची धोक्याची प्रत्येक सूचना ओठ हलवत पूर्ण वाचत. सूचना डावलणाऱ्या डॉक्टरांनी कारण लिहावे म्हणून नवी चौकट आली होती; बहुतेक जण तिथे नुसता ठिपका टाकीत. माझ्या आईच्या अधू मूत्रपिंडांना घातक अशा वेदनाशामकापुढेही ठिपकाच होता. फार्मासिस्टांनी औषध अडवून डॉक्टरांना फोन लावला.

“तुम्ही डॉक्टर आहात का?” पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

“नाही सार, म्हणूनच कारण विचारतो.”

औषध बदलले, पण डॉक्टरांनी विलंबाची तक्रार केली. आईचे उपचार त्यांच्याकडेच चालू होते. चौकशीच्या कागदावर ‘उशीर झाला का?’ यापुढे मी ‘हो’ लिहिले आणि खालची कारणाची चौकट कोरी सोडली.

आता ते फार्मासिस्ट रुग्णालयाच्या गोदामात खोकी रचतात. भेटले की आम्हा दोघांच्या घरच्या तंजावरी मराठीत आईची प्रकृती विचारतात.