राखणीचा जिताडा

पनवेलहून उरणच्या दिशेला, खाडीलगत एका शेतकऱ्याचं तळं होतं. कारखान्यांच्या नाल्याचं पाणी शिरून ते पिवळट झालं होतं. त्यातले मासे बाजारात कुणी घेईना. दोन हजार दहाच्या आसपास तिथे शुद्धीकरणाची चाचणी झाली. बातमीसाठी मी गेलो होतो. चाचणी फसली तर तळं बुजवून विकायचं, असं मुलांनी बापाला बजावलं होतं.

प्रयोगशाळेच्या मॅडमनी विचारलं, "दादा, मासे सगळे काढलेत ना?"

"काढले."

लोखंडाची नॅनो भुकटी सोडली. कण इतके सूक्ष्म की पाणी शाईसारखं काळं झालं. हे कण विषारी क्रोम तळाशी बसवतात, पण पाण्यातला प्राणवायूही खातात. बांधातली उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत घेणारी फळी, बंदच ठेवायची होती. ताजं पाणी शिरलं की भुकटी वाया.

थोड्या वेळानं काळ्या पाण्यातून एक तोंड वर आलं. हातभर लांबीचा जिताडा मासा हवेसाठी धडपडत होता.

"हा कुठून आला?"

"तलं रिकामं ठेवीत नाय आमी. एक राखणीला असतो."

"मी विचारलं होतं तुम्हाला!"

"तुमी मासे इचारले. यो काय खायचा मासा हाय?"

बांधावरून शेतकऱ्याची बायको ओरडली, "नातवाला भरवला नसंल तेवढा याला भरवलाय. उघडा ती फली!"

भरती लागली होती. फळीच्या फटीतून पाणी झिरपत होतं. त्यानं फळीला हात घातला.

"उघडलीत तर दुसऱ्यांदा भुकटी मिळणार नाही," मॅडम म्हणाल्या.

जिताडा कुशीवर कलला, पुन्हा सरळ झाला. शेतकऱ्यानं फळी सोडली आणि झोपडीतून पाग, फेकायचं जाळं, आणला. पहिली फेक हुकली. मासा बुडाला. थोड्या वेळानं तो परत वर आला. दुसऱ्या फेकीत जाळं भरलं. जिताड्याला छातीशी धरून तो बांध ओलांडून गेला आणि खाडीत सोडून आला.

"राखणदार गेला," बायको म्हणाली.

"आधी तलं ऱ्हाऊं दे." त्यानं फटीत चिखल दाबला.

अहवाल आला तेव्हा मॅडमनी त्याला माझ्यासमोर फोन केला. क्रोम मर्यादेच्या आत होतं. त्या आकडे सांगू लागल्या. त्यानं मध्येच तोडलं.

"मंग एक सोडू का आत?"