दहिसर नाक्यावरचे हिचहायकर

रस्त्याच्या कडेला उभं राहणाऱ्याला गाडी मिळो न मिळो, किस्से मात्र मिळतात! आमच्याकडे इतके साठलेत की आता सांगायचाही वीट येतो. ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या आमच्या औषध कारखान्याने स्टाफची बस बंद केली, भरून येणाऱ्या लोकलमध्ये शिरता येईना, आणि आम्ही दहिसरचे चौघं चेकनाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवू लागलो. मॅनेजरसाहेबांना माणसं कमी करायची होती. त्यासाठी लेट मार्क मोजणं सुरू होतं, आणि सगळ्यांत जास्त लेट मार्क पॅकिंगमधल्या सावंतचे.

*

अकाउंट्सचा कुलकर्णी म्हणाला, "आपल्याला इंग्रजीत हिचहायकर म्हणतात. फॉरेनची तरुण पोरं अशी फुकट देश बघत फिरतात. हौस असते रे त्यांना!"

सावंत म्हणाला, "माका देश नको, अंधेरी दाखव!"

*

टायपिस्ट शहाणेबाईंना पुढे उभं करायचं आणि आपण तिघांनी झाडामागे राहायचं, ही कुलकर्णीचीच आयडिया. पहिलीच गाडी थांबली. बाईंनी डब्याची पिशवी आत ठेवली, तसे आम्ही धावत सुटलो. तीन पुरुष अंगावर येताना बघून गाडीवाला जो सुसाट सुटला! बाई रस्त्यावर, डबा बोरिवलीकडे. चौघांना लेट मार्क. बाई आमच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

*

एकदा कोंबड्यांच्या टेम्पोने अगदी वेळेत सोडलं. वॉचमन गेटवरच म्हणाला, "हिचहायकर, पिसं झाडून या! इथे औषधं बनतात." झाडेपर्यंत भोंगा झाला.

*

मग सावंतला मेमो आला. आणखी एक लेट मार्क, की नोकरी गेली. त्याचा भाऊ गिरणीतली नोकरी सुटून घरी बसलेला, दोन्ही घरं याच्याच पगारावर. तेव्हापासून जी गाडी थांबेल तिच्यात आधी सावंतला कोंबायचं, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी त्याला स्कूटर मिळाली. ती मालाडला बंद पडली. सावंतने ती ढकलत गोरेगावपर्यंत नेली, तिथे ती सुरू झाली आणि तो धापा टाकत कसाबसा भोंग्याआधी पोचला. "लिफ्ट मियाच दिलंय तेका!" म्हणाला.

*

आणि एका सकाळी, रोज काच वर करून जाणारे मॅनेजरसाहेबच थांबले! एकाचीच जागा होती. आम्ही सावंतला आत बसवलं. शहाणेबाई म्हणाल्या, "सुटला बिचारा!"

वाटेत साहेबांनी पेट्रोल भरलं. मग मालाडला मिठाई घेतली, ओळखीचे कोणी भेटले, गप्पा झाल्या. उशीर होतोय, हे साहेबांना सांगणार कसं? सावंत मागे मिठाईचा पुडा धरून बसला. आम्ही तिघं दुधाच्या ट्रकने वेळेवर पोचलो!

भोंग्यानंतर गाडी आली. वॉचमनने साहेबांना सलाम ठोकला आणि सावंतच्या कार्डावर लाल शिक्का मारला. सावंतने साहेबांकडे बघितलं.

"रूल इज रूल, सावंत," साहेब म्हणाले.

संध्याकाळी हिशेब हातात घेऊन सावंत गेटबाहेर आला. मागून साहेबांची गाडी येऊन थांबली. काच खाली झाली.

"सावंत, दहिसरच ना? बसा!"

सावंत बसला.