आईला बसवून ठेवलं

देवावर माझी श्रद्धा आहे, असं मी जन्मभर सांगत आले. पण आई पडली तेव्हा ती श्रद्धा कुठे पळाली कोण जाणे! गिरीज गावातल्या आमच्या वाडीत केळींना पाणी सोडताना शेवाळावरून तिचा पाय घसरला. हाड वाचलं, पण मी घाबरले ती घाबरलेच. शाळेत मुलांना गप्प बसवण्यात माझी सारी नोकरी सरली. तसंच ऐंशीच्या आईलाही खुर्चीत बसवलं. वाडी बंद, विहीर बंद. चर्चच्या पायऱ्या नकोत म्हणून ख्रिस्तप्रसादसुद्धा घरी आणवला. लोक म्हणत, लेक असावी तर अशी! मीही फुगले. आई विनवायची, "जरा फिरू दे ना गो मला." मी दटावायचे, "आणि पडलीस म्हणजे?"

दीड वर्षात तिच्या पायांतलं बळच गेलं. एका रविवारी मी चर्चमध्ये मिस्साला गेले असताना ती एकटी उठायला गेली आणि स्वयंपाकघरात पडली. मी परतले तर एक अनोळखी कोळीण माशांची टोपली दाराशी ठेवून तिच्याजवळ जमिनीवर बसलेली. आईची हाक ऐकून आत आली होती. मी आईला उचलायला धावले, तर कोळणीने मला थांबवलं. कुठे दुखतंय ते विचारलं, आईला कुशीवर वळवलं, गुडघ्यांवर आणलं आणि खुर्ची धरून आईलाच उठायला लावलं. मग मला म्हणाली, "बाय, मानूस बसवून ठेवला का बसतोच. रोज थोडी चालव तिला." पाणीही न घेता ती अर्नाळ्याच्या बससाठी निघाली. आमच्या आळीत ती आधी कधी दिसली नव्हती, नंतरही नाही. तिला कुणी धाडलं, यावर मी वाद घालत नाही.

भिंतीच्या आधाराने आईला रोज चालवलं. पण गेलेलं बळ सगळं परतलं नाही. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीलाच चालवायला हवं होतं. ते अजून जिव्हारी लागतं. वाडीत ती पुन्हा जाऊ शकली नाही. तीन महिन्यांनी अंगणासमोरच्या क्रुसापर्यंत मात्र पोहोचली.

तिथे म्हणाली, "आता सोड हात."

'प्रभू, तूच सांभाळ,' म्हणत मी हात सोडला. आई डुलली, सावरली आणि तिने दोन्ही हात जोडले. मला रडू फुटलं. "चुकले गो आई, माफ कर."

"थांब, आधी माझी प्रार्थना होऊ दे."

मी थांबले. आईच्या मागे नुसती उभी राहिले, हात न लावता.