पनागरच्या तळ्यातली गोगलगाय

"मला कोणी वाचलं नाही तरी चालेल, पण न वाचता माझं नाव घेऊ नका," असं भानुमती रंगारी एकदा म्हणाल्या होत्या.

जबलपुरातल्या अधारतालच्या या निवृत्त प्राध्यापिकेने पनागरजवळच्या एका तळ्यातल्या गोगलगायींवर उमेदीची वर्षं घालवली. जबलपूरच्याच एका निसर्ग-नियतकालिकात त्यांचा लेख आला. पुढे ते तळं बुजवून तिथे प्लॉट पाडले. गोगलगायी संपल्या, एवढं सांगणारं एक पान छापून यावं म्हणून त्या त्याच नियतकालिकाच्या संपादक सोनटक्क्यांचे उंबरे झिजवत होत्या.

नियतकालिकाच्या वार्षिक सभेत सोनटक्क्यांनी त्यांना शाल पांघरली. तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

"इतरांनी सगळ्यात जास्त संदर्भ दिले ते दीदींच्या लेखाचे!" त्यांनी जाहीर केलं.

टाळ्या पडल्या. सामोसे आले. एक तरुण प्राध्यापक पाया पडला.

"मॅडम, तुमचा बेडूक माझ्या प्रत्येक पेपरात असतो."

"गोगलगाय होती ती."

"अच्छा? सोनटक्के सर म्हणतात टाका, आम्ही टाकतो."

भानुमतींच्या तोंडातला घास खवट झाला. "सोनटक्के, माझं ते पान?"

"आपल्या जुन्या अंकांचे दहा संदर्भ घाला, छापतो."

"गोगलगायीवर तुमच्याकडे दुसरं आहे काय?"

"मग बेडकांचे घाला. कोण वाचून राहिलं? अन् काहून घाई करता, दीदी? तळंच नाही असं छापल्यावर तुमच्या जुन्या लेखाला कोण विचारेल? अंकाची इज्जत त्याच्या संदर्भांवरच तर उभी आहे."

भानुमतींनी शालीला तेलकट बोटं पुसली, शाल सोनटक्क्यांच्या खुर्चीवर टाकली आणि त्या बाहेर पडल्या.